हंगामाच्या मध्यावर फुटबॉल क्लब बदलताना

प्रिय खेळाडू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहितोस की सध्याच्या क्लबमध्ये बहुतेक वेळ बेंचवर जातोय, दुसऱ्या क्लबचे कोच म्हणतायत की लेफ्ट बॅकची जागा रिकामी आहे, लगेच, डिसेंबरमध्येच ये. तुझंही मन जवळपास ठरलंय. तू जाऊ नयेस, असं माझं म्हणणं नाही. पण सध्याच्या क्लबशी तू तीन गोष्टींनी बांधलेला आहेस, नोंदणी, करार आणि फी, आणि या तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी सुटतात. कोच तोंडी 'जा रे बाबा' म्हणाले की सगळं मिटलं असं मुलांना वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

आधी नोंदणी. एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या प्रणालीत तुझं नाव कुठल्या क्लबच्या खाली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. क्लबच्या सेक्रेटरींकडे तुझा सीआरएस नंबर आणि नोंदणीची प्रत माग. ते मागायचा तुला हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही. बऱ्याच खासगी अकॅडम्या मुलांना वर्षभर शिकवतात, पण नोंदणी भलत्याच एखाद्या संलग्न क्लबच्या नावावर करतात. तसं असेल तर ना-हरकत त्या क्लबची लागेल, अकॅडमीची नाही. आणि नवा क्लब घाईघाईने 'नवीन नोंदणी करून टाकू' म्हणाला तर स्पष्ट नाही म्हण. एका खेळाडूची दोन खाती झाली, त्यात जन्मतारखेत किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाला, की वय लपवल्याचा संशय तुझ्यावर येतो, क्लबवर नाही. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव आणि तारीख तंतोतंत एक आहे ना, हे आजच तपासून घे.

आता ज्या नियमाचा विचार तू केलेला दिसत नाही, तो सांगतो. फिफाच्या ट्रान्सफर नियमावलीचं पाचवं कलम म्हणतं की एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने तो त्यातल्या दोनच क्लबांकडून खेळू शकतो. हे कलम देशांतर्गत फुटबॉललाही जसंच्या तसं बंधनकारक आहे. अधिकृत सामना म्हणजे लीग, कप असे संघटनेच्या छत्राखालचे सामने. मैत्रीपूर्ण आणि ट्रायलचे सामने यात धरत नाहीत. समज, ऑगस्टमध्ये ८८व्या मिनिटाला तुला बदली म्हणून उतरवलं आणि चेंडू पायाला लागायच्या आत शिटी वाजली. मॅच शीटवर तुझ्या जर्सी नंबरसमोर ८८ लिहिलं गेलं, म्हणजे दोनातला एक क्लब तिथेच वापरून झाला. आता डिसेंबरमध्ये गेलास, नव्या ठिकाणी एक सामना खेळलास आणि तिथेही पटलं नाही, तर या हंगामात तिसऱ्या क्लबकडून खेळता येणार नाही. नुसती नोंदणी होईल, सराव करशील आणि सामन्याच्या दिवशी कुंपणाबाहेरून बघत बसशील. हा बदल हंगामात एकदाच परवडतो, म्हणून तो कुठे खर्च करायचा याचा विचार कर.

विंडोचंही, म्हणजे नोंदणी खुली असण्याच्या काळाचंही, तसंच. हंगामाच्या सुरुवातीला नोंदणीचा मोठा काळ असतो आणि मध्यावर, साधारण जानेवारीत, एक छोटा. त्याच्या तारखा एआयएफएफ दर हंगामाला जाहीर करतं. मात्र ज्या स्पर्धेत फक्त हौशी खेळाडू खेळतात तिला हा फिफाचा काळ लागू नाही, तिथे संघटना स्वतःच्या तारखा ठरवते. वयोगटाच्या बहुतेक लीग याच प्रकारात मोडतात. त्यामुळे तुझ्या लीगची या हंगामाची नियमावली हातात घे आणि त्यात दोन ओळी शोध: नवीन खेळाडू घ्यायची शेवटची तारीख कोणती, आणि एकाच स्पर्धेत आधी एका क्लबकडून खेळलेला मुलगा दुसऱ्याकडून खेळू शकतो का. दुसऱ्या ओळीत 'नाही' असेल तर तुझं जाणं या वर्षापुरतं व्यर्थ आहे, मग कोच काहीही म्हणोत. अपात्र खेळाडू उतरवला की सामना ०-३ ने गमावल्याचा निकाल लागू शकतो आणि त्याची किंमत सगळा संघ मोजतो. नव्या संघातली पहिली ओळख अशी व्हावी, असं तुलाही वाटत नसणार.

करार. तुला क्लबकडून प्रत्यक्ष खर्चापलीकडे पैसे मिळत नसतील आणि लेखी करार नसेल, तर तू हौशी खेळाडू. मग नोंदणीचं मिटलं की बाकी काही उरत नाही. पण प्रवेशाच्या वेळी बाबांनी पाच-सहा पानांवर सह्या केल्या होत्या, असं तू लिहिलं आहेस. ती पानं शोधून काढ. आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलाने एकट्याने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, पण पालकांनी स्वतःच्या नावाने जे कबूल केलं ते त्यांच्यावर येऊ शकतं. आणि खरोखर व्यावसायिक करार असेल, तर १८ खालच्या खेळाडूसाठी त्याची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. पाच वर्षं लिहिली असली तरी तीनच्या पुढचा भाग फुटबॉलच्या यंत्रणेत मानला जात नाही. असा करार चालू असताना नवा क्लब तुझ्याशी परस्पर बोलणी करू शकत नाही, त्याने आधी सध्याच्या क्लबला लेखी कळवायला हवं. एखादा क्लब ही पायरी गाळून चोरून भेटायला बोलावत असेल, तर तो उद्या तुझ्याशी कसा वागेल, याचा अंदाज तुला आजच आला पाहिजे.

फीबद्दल थोडक्यात. बाकी असेल ती भर, पावती घे, किट परत करायचं असेल तर करून सही घे. 'आम्ही तुला घडवलं, त्याची भरपाई दे' असं कोणी म्हणालं तर घाबरू नकोस. प्रशिक्षण भरपाई नावाची गोष्ट फुटबॉलमध्ये खरी आहे, पण ती नव्या क्लबने जुन्या क्लबला द्यायची असते आणि मुख्यतः खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक होतो तेव्हा. ती मुलाने किंवा आईबाबांनी द्यायची नसते.

प्रत्यक्ष काम या क्रमाने कर. नव्या क्लबकडून लेखी घे: कुठल्या वयोगटाच्या संघात, त्या जागेवर आधीच किती मुलं, लीगच्या यादीत नाव घालायला जागा शिल्लक आहे का, फी किती, दुखापत झाली तर खर्च कोणाचा. 'जागा रिकामी आहे' हे वाक्य मी फार ऐकलं आहे. पुष्कळदा ती दुखापतीमुळे रिकामी असते आणि सहा आठवड्यांनी मूळ मुलगा परत येतो. म्हणून 'का रिकामी आहे' हे विचारच, आणि त्यांचे दोन सामने जाऊन बघ. मग सध्याच्या कोचना आधी स्वतः भेटून सांग, त्यांना बाहेरून कळू देऊ नकोस. त्याच दिवशी सेक्रेटरींना आईबाबांच्या नावाने ईमेल जाऊ दे: सीआरएस नंबर, नव्या क्लबचं नाव, थकबाकी नसल्याचा उल्लेख आणि ना-हरकतीची विनंती. चार ओळी पुरेत, त्यात तक्रारी नकोत. सीआरएसमधली पुढची विनंती नवा क्लब टाकेल. प्रणालीत तुझ्या नावापुढे नवा क्लब दिसेपर्यंत एकही अधिकृत सामना खेळू नकोस. 'कागद येतोय, तू उतर' हे कोणीही म्हणालं तरी नाही.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने स्मरणपत्र पाठव, मग जिल्हा संघटना, मग राज्याची संघटना, म्हणजे महाराष्ट्रात विफा आणि गोव्यात जीएफए. त्याही पुढे एआयएफएफची प्लेयर्स स्टेटस कमिटी, म्हणजे खेळाडू आणि क्लबांमधले असे वाद ऐकणारी समिती, असते. प्रत्येक पायरीवर आधीचा ईमेल जोडायचा. इथे भांडणारा नाही, कागद सांभाळणारा जिंकतो.

माझं मत विचारशील तर, फक्त बेंचवर बसावं लागतंय म्हणून डिसेंबरमध्ये जाऊ नये. कोचना वेळ मागून विचार की मला काय कमी पडतंय, आणि नेमकं उत्तर घे: डाव्या पायाचा क्रॉस, की मागे वळून धावायचा वेग. त्यावर आठ आठवडे काम कर आणि हंगाम संपल्यावर मोकळ्या विंडोत जा. तेव्हा दोन क्लबांचा हिशोबही नव्याने सुरू होतो. शाळा बदलून किंवा घर हलवून जावं लागत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत मात्र हंगाम, विंडो, फी, काहीही बघायचं नाही. मारहाण, अंगचटीला येणं, रात्री खोलीवर बोलावणं, घाणेरडे मेसेज, असं तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडत असेल, तर त्या दिवशीच सराव बंद कर आणि घरी सांग. मेसेज पुसू नकोस. १०९८ या हेल्पलाइनवर मुलगा स्वतः फोन करू शकतो, आणि १८ खालच्यांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तो मुलींइतकाच मुलग्यांनाही लागू आहे. नोंदणीचं नंतर बघता येतं.

दुबईच्या मामाकडे राहून तिथल्या क्लबकडून खेळायचं का, हेही तू विचारलं आहेस. १८ पूर्ण होईपर्यंत तो विषय बाजूला ठेव. अल्पवयीन खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली फिफाने मुळात बंद ठेवली आहे, अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, तर तो एक अपवाद. मामा त्यात बसत नाही. याच नियमाच्या भंगासाठी २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबवर दोन विंडोंची बंदी आली होती. तेव्हा कोणी एजंट 'सगळं मॅनेज करतो' म्हणाला तर त्याच्याशी बोलणंच नको. आईबाबांच्या लेखी संमतीशिवाय तो तुझ्याशी अशी बोलणी करूच शकत नाही.

सोमवारी क्लबमध्ये जाशील तेव्हा नोंदणीची प्रत, बाबांनी सही केलेली पानं आणि या हंगामात तू उतरलास त्या प्रत्येक सामन्याची तारीख, इतकं आण आणि मला पाठव. लीगची नियमावली मिळाली तर तीही. मग तारखा समोर ठेवून, डिसेंबर की हंगामानंतर, ते ठरवू.