डबकं किती दिवस टिकलं?

प्रश्न : सर, आम्ही नंदनवनात राहतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या बेडकांनी रात्ररात्र झोपू दिलं नाही. यंदा दोन-चारच ओरडतात. पाऊस तर तेवढाच झाला म्हणतात. मग बेडूक संपत चालले का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, एका वर्षावरून तसं म्हणू नका. एकूण पाऊस तेवढाच झाला, तरी बेडकाला हवं असतं सलग साचलेलं पाणी. पहिल्या मोठ्या पावसात बुलफ्रॉगचे नर पिवळेधमक होतात, मादी डबक्यात हजारो अंडी घालते. डबक्यात मासे नसतात म्हणून पिल्लं वाचतात. पण त्या शेपटीवाल्या पिल्लांना, म्हणजे भैकेरांना, पाय फुटून बाहेर पडायला महिनाभर तरी लागतो. मधेच पावसाने दडी मारली की संपलं.

हिंगणा रस्त्याकडेच्या एका डबक्याची नोंद मी तीन पावसाळे वहीत ठेवली होती. एका जुलैत अकरा दिवस थेंब नाही. बाराव्या दिवशी चिखलात काळी भैकेरं चिकटलेली. ते पाहून पाय निघेना. आज ओरडणारे नर म्हणजे आधीच्या पावसाळ्यांत तगलेली पिल्लं. तुमच्याकडची यंदाची शांतता दोन वर्षांपूर्वीच्या उघडिपीचीही असू शकते.

आता हिशेब बघा. 100 बेडूक एका वर्षी निम्मे झाले आणि पुढच्या वर्षी दीडपट, तर सरासरीने ना घट ना वाढ. हाती मात्र 75 उरतात. पाऊस जितका लहरी, तितकी ही तूट मोठी.

शिवाय तोच फटका दरवेळी सारखा बसत नाही. स्कॉटलंडच्या हर्टा बेटावर 1985 पासून सोए मेंढ्यांचा बारकाईने अभ्यास चालू आहे. मेंढ्या थोड्या असल्या तर वादळी हिवाळाही निभावतो. कळप वाढून चारा अपुरा पडला असेल तर तसाच हिवाळा कधी निम्म्याहून अधिक मेंढ्या नेतो. डबक्यातही तेच. दाटीत भैकेरं हळू वाढतात आणि पाणी आधी आटतं.

मला काळजी वेगळीच वाटते. त्या प्लॉटवर मुरूम तर नाही ना पडला? पावसाने घटलेले बेडूक दोन-तीन चांगल्या पावसाळ्यांत सावरू शकतात. डबकंच बुजलं तर अंडी घालायची कुठे? पुढच्या मृगापासून कॅलेंडरवर रोज एवढंच लिहा, पाणी आहे की नाही. दिवाळीत ते पान मला नक्की पाठवा.