डीएसएलआरने फोटो काढताना व्ह्यूफाइंडरमधून बघावं की मागच्या स्क्रीनवर?

तुम्ही लिहिलंय की कॅनन १५००डी सेकंडहँड घेतलाय, मोबाइलच्या सवयीने स्क्रीनवर बघूनच फोटो काढता, चष्म्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळ्याला लावायच्या छोट्या खिडकीत, सगळं पुसट दिसतं आणि पुढच्या महिन्यात कोथरूडला भाच्याची मुंज आहे. मी गेली बारा वर्षं पुण्यात मुंजी-लग्नांचे फोटो काढते. माझं उत्तर सरळ आहे: मुंजीत व्ह्यूफाइंडरच वापरा. चष्म्याची अडचण पाच मिनिटांत सुटेल, ती पुढे सांगते. आधी कारण ऐका, कारण हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

तुमच्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि तिथून वर वळून तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. याच आरशातून थोडा प्रकाश आरपार जातो आणि मागच्या छोट्या आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर पोचतो. लेन्स पुढे सरकवायची की मागे, आणि किती, हे त्या सेन्सरला लगेच कळतं. स्क्रीनवर बघायला लाइव्ह व्ह्यू चालू केला की आरसा वर उचलला जातो आणि त्या सेन्सरला प्रकाशच मिळत नाही. मग कॅमेरा फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवरचं चित्र बघून चाचपडत फोकस करतो. थोडं पुढे जातो, धूसर झालं की मागे येतो, पुन्हा पुढे. म्हणजे स्क्रीन आणि व्ह्यूफाइंडर या एकाच खोलीच्या दोन खिडक्या नाहीत, फोकस करणारी यंत्रणाच बदलते. कॅननने २०१३मध्ये ७०डीपासून मुख्य सेन्सरवरच वेगवान फोकस आणला, २००डीमध्येही तो आहे, पण १५००डीमध्ये नाही. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसतो, त्यामुळे तिथे ही तफावत उरत नाही. तुमच्या मित्राकडे तसा कॅमेरा असेल आणि तो ‘स्क्रीनवर काही फरक पडत नाही’ म्हणत असेल, तर त्याच्यापुरतं ते खरं आहे.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. सुरुवातीच्या काळात एका मुंजीत मातृभोजन चाललं होतं. आई आणि बटू पाटावर, पुढ्यात एकच ताट, केळीच्या पानाची कड ताटाबाहेर आलेली. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो हवा म्हणून मी उभ्यानेच वाकून कॅमेरा खाली धरला आणि स्क्रीनवर बघत राहिले. आईने वरणभाताचा शेवटचा घास उचलला, तिचे डोळे भरून आले, मुलगा तिच्याकडे बघून हसला. माझी लेन्स तेवढ्यात पुढे-मागे फिरत होती. कार्यालयातला प्रकाश कमी, आईच्या साडीचा रंग एकसारखा, कॅमेऱ्याला पकडायला काही सापडेना. तीन फोटो आले, तिन्ही धूसर. आईच्या हातून एका ताटात जेवण्याचा तो प्रसंग पुन्हा होत नाही, आणि ‘घास परत भरवा’ असं मी सांगितलंही नाही. त्या कुटुंबाला मी तो फोटो देऊ शकले नाही, हे आजही मनाला लागतं. मी फक्त खाली मांडी घालून बसायला हवं होतं आणि कॅमेरा डोळ्याला लावायला हवा होता.

डोळ्याला लावल्यावर हातही स्थिर राहतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकतात, कपाळाचा तिसरा आधार मिळतो. मोबाइलसारखा हात लांब करून अर्धा किलो धरला की तो थरथरणारच. शिवाय एप्रिलच्या उन्हात, कार्यालयाच्या अंगणात स्क्रीनवर तुम्हाला स्वतःचाच चेहरा दिसेल. बॅटरीचंही बघा. या मॉडेलला व्ह्यूफाइंडरवर साधारण ५०० फोटो मिळतात, स्क्रीनवर त्याच्या जेमतेम निम्मे.

आता चष्मा. व्ह्यूफाइंडरच्या काचेशेजारी एक बारीक दातेरी चाक आहे. सेकंडहँड कॅमेऱ्यात ते आधीच्या मालकाच्या डोळ्यानुसार लावलेलं असतं, म्हणूनच तुम्हाला पुसट दिसत असणार. कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे धरा, आतले नऊ फोकसचे ठिपके आणि खालचे आकडे बघा, आणि ते कोरीव दिसेपर्यंत चाक फिरवा. बाहेरचं दृश्य बघून चाक लावू नका, फसाल. साधारण उणे अडीचपर्यंतचा नंबर यात सामावतो, म्हणजे चष्मा काढूनही काम होऊ शकतं. नंबर जास्त असेल किंवा सिलिंड्रिकल असेल तर चष्मा ठेवूनच चाक लावा. कोपरे दिसायला डोळा थोडा इकडेतिकडे करावा लागेल, पण आठवड्याभरात सवय होते.

एक गोष्ट मात्र सांभाळा. या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा उभा-आडवा ९५ टक्केच भाग दिसतो. क्षेत्रफळाने जवळपास दहावा हिस्सा तुम्हाला न दिसता फोटोत येतो, आणि त्यात हमखास प्लॅस्टिकच्या खुर्चीचा हात नाहीतर केटररची बादली असते. कडेला काय आहे ते डोळा बाजूला काढून एकदा बघून घ्या.

स्क्रीनही मी मनापासून वापरते. कोजागिरीला गच्चीवर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून चंद्र टिपायचा असेल तर लाइव्ह व्ह्यूला तोड नाही. चित्र दहापट मोठं करायचं, फोकस मॅन्युअलवर घ्यायचा आणि चंद्रावरचे डाग स्पष्ट होईपर्यंत रिंग हळूच फिरवायची. मावळत्या सूर्याकडे मात्र टेलि लेन्स (दूरचं जवळ दाखवणारी) लावून व्ह्यूफाइंडरमधून कधीही बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. आणि माणसांशी बोलत बोलत फोटो काढायचा असेल तेव्हाही स्क्रीन बरी. मंडईत पालेभाजी विकणाऱ्या एका आजींनी मला सांगितलं होतं, ‘ते तोंडासमोरचं खाली घे, मग बोल माझ्याशी.’ मी कॅमेरा छातीशी धरला, मेथीच्या जुडीचा भाव विचारला, फोकस आधीच त्यांच्या चेहऱ्यावर लावून ठेवला होता. फोटो छान आला.

मुंजीच्या दिवशी मातृभोजनाच्या दहा मिनिटं आधी पाटासमोर, पंगतीच्या वाटेत येणार नाही अशी जागा धरा. बहिणीला आधीच सांगून ठेवा की मी समोर बसणार आहे. मधला फोकसचा ठिपका निवडा, या कॅमेऱ्यात तोच सगळ्यात भरवशाचा आहे, आणि तो भाच्याच्या डोळ्यावर ठेवा. मंगलाष्टकं संपताना अक्षता उडतात त्या पकडायला जाऊ नका, अंतरपाट बाजूला होताना वडिलांकडे बघणाऱ्या मुलाचा चेहरा धरा. तोपर्यंत रोज घरी, संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात जेवणाऱ्या माणसांचे वीस-पंचवीस फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढा. कार्यालयातही जवळपास तसाच प्रकाश असेल.