त्या 3 रात्रींचं विचारा

"मना पोऱ्याले तठे मारतीन का हो ताई?" चोपडा तालुक्यातल्या एका माउलीने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. खान्देशातली कुटुंबं माझ्याकडे सल्ल्याला येताना हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत घेऊन येतात. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं तर आहे, पण चांगलं केंद्र ओळखायचं कसं? म्हणून हे लिहिते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगा पस्तिशीचा, केळीच्या गाड्या भरणारा. वर्षभरापूर्वी चौघांनी त्याला रात्री जीपमध्ये घालून एका केंद्रात नेलं होतं. 3 महिने राहिला, घरी आला आणि आठव्या दिवशी प्याला. आता केंद्राचं नाव काढलं की ताट भिरकावतो. "त्याला सोडायचीच नाही," असं आईचं म्हणणं.

चौथ्या भेटीत तो बायकोसोबत आला. दारूबद्दल काही न विचारता मी एवढंच विचारलं, "तिथल्या पहिल्या 3 रात्री कशा गेल्या?"

तो बराच वेळ हाताची बोटं मोडत राहिला. मग म्हणाला, "भिंतीवर मुंग्या चालायच्या. मला वाटायचं, बाप हाका मारतोय. ओरडलो की दोघं येऊन हातपाय खाटेला बांधायचे. डॉक्टर चौथ्या दिवशी आला."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? फोन स्पीकरवर असायचा."

खोलीत कोणी बोललं नाही. मग तिने पदराने डोळे पुसले आणि पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर सरकवला. वर्षभर घरात ज्याला हट्ट म्हणत होते, ती भीती होती. दारू सोडायला त्याचा नकार नव्हताच, नकार त्या 3 रात्रींना होता. व्यसनी माणसाच्या 'नाही'मागे नेमकं काय आहे हे शोधल्याशिवाय उपचार पुढे सरकत नाहीत, हे माझं जुनं मत आहे. त्या दुपारी ते पुन्हा खरं ठरलं याचं समाधान वाटलं.

आता केंद्र बघायला जाल तेव्हा बाग, योगाचा हॉल आणि भिंतीवरचे सुविचार नंतर बघा. आधी रात्रीचं विचारा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम येतो. फिट यायचा धोका साधारण पहिल्या 48 तासांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, नसलेलं दिसतं, ऐकू येतं, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून दाखल होताच डॉक्टरांनी तपासायला हवं. थरथर आणि फिट आवरणाऱ्या गोळ्या सुरुवातीला पुरेशा, मग 5-7 दिवसांत कमी करत न्यायच्या. थायमिनचं, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन ग्लुकोजची बाटली लावण्याआधी द्यायचं. नुसती बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी कधी फिट किंवा भ्रम झाला असेल, तर पहिला आठवडा केंद्रात न काढता फिजिशियन असलेल्या रुग्णालयात काढा.

सिस्टरकडची नोंदवही उघडायला सांगा. दुसऱ्या रुग्णाचं नाव हाताने झाकलं तरी चालेल. काल रात्री 10, 2 आणि 6 वाजता नाडी, बीपी लिहिलंय का? सगळ्यांचं बीपी 120/80, सगळं एकाच पेनाने एका दमात लिहिलेलं असेल, तर ती वही सकाळी चहा पिताना भरली आहे असं समजा आणि परत फिरा.

कायदाही माहीत असू द्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक त्रासालाही लागू आहे. साखळीने बांधायला आणि जबरदस्तीने टक्कल करायला त्यात बंदी आहे. फोनवर बोलण्याचा, भेटण्याचा हक्क रुग्णाला आहे. संमतीविना ठेवायचं तर मनोविकारतज्ज्ञ धरून दोघांनी स्वतंत्र तपासावं लागतं. तेही 30 दिवसांपर्यंतच, पुढे नव्याने तपासणी. त्यामुळे जीप पाठवून उचलून नेतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

आणि हो, चहातून नकळत द्यायच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी पोटात असताना माणूस प्याला तर उलट्या होतात, बीपी कोसळतं, प्रसंगी जीव जातो. ती गोळी त्याला माहीत असताना, त्याच्या होकाराने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

या दोघांनी 2 केंद्रं पाहिली. पहिल्या ठिकाणी वही दाखवली नाही. दुसऱ्या ठिकाणी सिस्टरने वही पुढे ठेवली आणि त्यालाच विचारलं, "याआधी फिट आली होती का?" गाडीत बसताना तो बायकोला म्हणाला, "इथं राहतो."

केंद्रातून घरी सोडायची तारीख पोळ्याच्या तोंडावर येत होती. गावात पोळ्याला बाटली फिरतेच, म्हणून केंद्राशी बोलून सुटी पोळा झाल्यावर घेतली. निघतानाच गोळ्यांची यादी कागदावर घेतली आणि पहिल्या 3 महिन्यांत पुन्हा भेटायच्या तारखा ठरवल्या, आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याने. त्यातल्या पहिल्या तारखेला तो आईलाही घेऊन आला. या वेळी प्रश्न त्यानेच विचारला, "कापसाचे पैसे हातात आले की काय करायचं?"