२३० सह्या दिल्यात, पण तेवढ्यावर थांबू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मोहल्ल्यातली बाग शहराच्या विकास योजनेच्या मसुद्यात पार्किंग म्हणून दाखवली आहे, तुम्ही २३० सह्यांचं एक निवेदन नेऊन दिलंत, टेबलावरच्या बाबूंनी "हो जाएगा" म्हटलं, आणि आता पुढे काय, असं तुम्ही विचारलं आहे. आम्हीही इंदुरातच अगदी हेच केलं होतं. आमचं मैदान गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सह्या कशा जमवायच्या, पार्षदांना कधी गाठायचं, हे तुम्हाला कळतंच. ते सोडून देतो.

आमच्या निवेदनावर ४१२ सह्या होत्या. पण कागद एक, म्हणून आपत्तीही (म्हणजे हरकत) एकच धरली गेली. पहिली सही वस्तीतल्या सर्वांत ज्येष्ठ काकांची, त्यांचा मान म्हणून. सुनवाईचं पत्र अर्थातच त्यांच्या पत्त्यावर गेलं. काका तेव्हा पुण्याला मुलीकडे होते, नात झाली होती. घराला कुलूप. पोस्टमनने पत्र दाराखालून आत सरकवलं आणि ते तिथेच पडून राहिलं. त्या दीड महिन्यात मी त्या कार्यालयात तीनदा जाऊन आलो. दर वेळी एकच उत्तर, "सूचना घर पे आएगी." समोर वही होती, ती उघडून तारीख सांगायला दोन मिनिटं लागली असती. कुणी उघडली नाही. मीही हट्ट धरला नाही, याची खंत अजून आहे.

पुढे माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून फाइल काढली. शेरा होता : "आपत्तिकर्ता अनुपस्थित." त्याखाली दुसरा : "खसरा क्रमांक अंकित नहीं," म्हणजे जमिनीचा सरकारी नोंदीतला क्रमांक लिहिलेला नाही. मुलं जिथे खेळत होती, गणपतीचा मांडव पडत होता, रविवारी भाजीवाल्या बसत होत्या, त्या जागेचा निकाल या दोन ओळींत लागला. काका शेवटपर्यंत म्हणत राहिले की माझ्या सहीमुळे झालं. त्यांची काहीच चूक नव्हती. चूक आमची, एका पत्त्यावर सगळी वस्ती टांगून ठेवली.

म्हणून हात जोडून सांगतो, संयुक्त निवेदन असू द्या, पण घरटी वेगळा अर्ज द्या. मध्य प्रदेशच्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ नुसार मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत लेखी आपत्ती आणि सूचना देता येतात. प्रत्येक अर्जावर खसरा क्रमांक, नकाशातली जागा, पूर्ण पत्ता आणि फोन हवा. एकच मजकूर झेरॉक्स करून वाटू नका. शाळकरी मुलाच्या आईने मुलाचं लिहावं, आजोबांनी सकाळच्या फेरीचं लिहावं, ठेलेवाल्याने धंद्याचं. भाडेकरूंनाही घ्या. "तुमचं घर नाही, तुम्ही कशाला" असं म्हणणारे भेटतील, ऐकू नका. राहतात ते सगळे वस्तीचेच. आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "हो जाएगा" याला आवक क्रमांक नसतो.

१८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार जरूर करा, पण त्याला आपत्ती समजू नका. आमच्यातले निम्मे लोक १८१ वर नोंद झाली म्हणून निश्चिंत होऊन बसले होते.

आणखी एक गोष्ट, ही कुणी सांगत नाही. मसुद्याच्याही आधी सध्या कुठली जमीन कशी वापरात आहे, याचा नकाशा प्रसिद्ध होतो आणि त्यावरही ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते. आमचं मैदान तिथेच 'रिकामी जागा' झालं होतं. रिकामं म्हटलं की त्यावर काहीही आखता येतं. तुमची वेळ कदाचित टळली असेल, पण शेजारच्या मोहल्ल्यांना सांगून ठेवा.

सभा घ्याल तर संध्याकाळी पाचला घेऊ नका, त्या वेळी बायका येत नाहीत. साडेआठनंतर, जेवणं आटोपल्यावर घ्या, आणि नकाशा भिंतीवर मोठा लावा. आम्ही मुलांकडून वस्तीचा नकाशा काढून घेतला तेव्हा त्यांनी एक बोअरिंग आणि दोन जुनी कडुलिंबाची झाडं दाखवली, जी सरकारी नकाशात नव्हती.

लोकांना सोबत घेऊन काम करणं आपल्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी घडलं आहे, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला, १९१८ साली तो दोन खंडांत निघाला. तेव्हा प्लेगची भीती होती. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की जे रस्ते सर्वांत स्वच्छ होतील तिथूनच ती जाईल. लोकांनी आपापली घरं आणि गल्ल्या झाडून काढल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा प्रचंड पुतळाही होता. लोकांना कामात घेतलं की ते शहर आपलं मानतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. नकाशा आधी बंद खोलीत आखायचा आणि मग हरकती मागवायच्या, ही पद्धत मला मान्य नाही.

मी वकील नाही. हे सगळं आमच्या अनुभवातून लिहिलं आहे, नियम बदलले असतील तर जाणकाराला विचारून घ्या. तुमचं प्रकरण विकास योजनेचं नसून एखाद्या नगर विकास स्कीमचं असेल तर कलम वेगळं लागतं, तेही आधी खात्री करून घ्या.

मसुदा कुठल्या तारखेला प्रसिद्ध झाला ते इथे लिहा. थोडे दिवस उरले असले तरी चालेल. रविवारी सकाळी बागेत टेबल टाका, मी जुनी फाइल घेऊन येतो आणि अर्ज लिहायला बसतो. येताना खसऱ्याची नक्कल तेवढी काढून ठेवा.