सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल

चि. ओमकार यास आईचे अनेक आशीर्वाद.

नानामामाने पाठवलेला गावच्या जमिनीचा सातबारा वाचून तू मला विचारलेस, की मामा म्हणतो ही जमीन आपल्या सर्वांची आहे, मग कागदावर तुझे आणि मावशीचे नाव का नाही? मी हक्कसोडपत्राबद्दल सांगितले, तेव्हा तू एवढेच म्हणालास, ‘म्हणजे तू मागितलेच नाहीस?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसरा मात्र जिव्हारी लागला. फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

कायद्याच्या अडाणीपणामुळे हे झाले असे समजू नकोस. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती २००५ सालची. महाराष्ट्राने तो हक्क १९९४ मध्येच दिला होता, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींना. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणून कायद्यात बसले. मावशीचे लग्न आधीच उरकले होते, ती बसली नाही. एका आईच्या दोन लेकींना लग्नाच्या तारखेवरून वेगळे मोजण्याचा हा प्रकार मला तेव्हाही चमत्कारिक वाटला होता.

आणि आमचे अण्णा काही जुन्या वळणाचे नव्हते. ते शेतकरी संघटनेचे, छातीवर लाल बिल्ला लावून फिरणारे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, तेव्हा निफाड तालुक्यातल्या आमच्या गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ज्या बायका गेल्या, त्यांत आजीही होती. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करून द्यावा म्हणून, आणि अण्णांनी विहिरीकडचा एक एकर आजीच्या नावे केला. आजीने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. हेच अण्णा आम्हा बहिणींचा विषय निघाला की म्हणत, ‘पोरींना त्यांच्या घरी काय कमी आहे?’ बायको घरातलीच आणि लेक जाणारी, हा हिशेब त्यांच्या मनात इतका पक्का होता की त्यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटलेच नाही.

पण त्याच हिशेबाने मी इथवर आले, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. नानामामा माझ्यापेक्षा गणितात कितीतरी हुशार होता. बारावीनंतर त्याला अभियांत्रिकीला जागा मिळत होती, पण ‘एकुलता एक मुलगा, तो गेला तर बाग कोण बघणार’ यावर ती बोलणी संपली. मला पुण्याला पाठवताना कोणी हा प्रश्न विचारला नाही, कारण मी कधी ना कधी जाणारच होते. मी वसतिगृहात अभ्यास करत असे, त्या वेळी तो कांद्याला पाणी देत असे, आणि शेतीची वीज रात्री येत असल्यामुळे थंडीत मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन दोन-दोन वाजता मोटार सुरू करायला जाई. त्याला जमीन मिळाली, हे खरे. ती नको म्हणण्याची मुभा मात्र त्याला कोणी दिली नाही.

अण्णा गेल्यावर वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर मामाचे आणि आजीचे नाव कब्जेदारांत, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांत आले, आम्हा दोघींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. गावोगावी तीच रीत होती. बागेसाठी कर्ज काढायचे म्हटले की आमच्या सह्या लागत, आणि मी सातासमुद्रापार. म्हणून एका सुट्टीत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन आम्ही दोघींनी हक्कसोडपत्र करून दिले. फोटो काढला, अंगठे घेतले. बाकावर आमच्यासारख्याच बहिणी बसल्या होत्या, बहुतेकींच्या अंगावर नव्या साड्या, आणि मजकूर सगळ्यांचा एकच: राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना, विनामोबदला.

माझ्यावर कोणी दडपण आणले नाही. पण आमच्या आळीतल्या एका बाईने हिस्सा मागितल्यावर भावाने तिला दिवाळीचे बोलावणे बंद केले होते आणि तिच्या मुलांना आजोळ उरले नव्हते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तुम्हा दोघांना मे महिन्यात हक्काने जायला ते घर हवे, असे मला वाटत होते. जमिनीपेक्षा मला माहेर मोठे वाटले, आजही वाटते. माहेर टिकवायला लेकीनेच काहीतरी सोडावे लागते, हे मात्र आता पटत नाही. भावाने काही सोडल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

मामाच्या बाजूने एक सांगते. अण्णांना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी इथून पैसे पाठवत होते आणि तो त्यांच्यापाशी होता. म्हणजे खरे पाहता मामी होती. कुशीवर वळवणे, अंग पुसणे, भरवणे, सगळे तिने केले, आणि तिचे नाव तर त्या कागदाच्या कोणत्याच रकान्यात नाही.

इथल्या घराचे इच्छापत्र बाबांनी आणि मी केले आहे. त्यात तुझा आणि ताईचा वाटा सारखा आहे. गावच्या जमिनीबद्दल तू काय म्हणावेस, हे मी सांगणार नाही. डिसेंबरात गेल्यावर मामाला विचारायचे असेल तर खुशाल विचार, फक्त मामी समोर असताना विचार. तिनेही तिच्या भावाला हक्कसोड करून दिली आहे, आणि त्याबद्दल तिचे म्हणणे माझ्यापेक्षा बरेच कडक आहे.

तुझी,
आई