उद्दीपक, उत्तेजक आणि बैलाची पराणी

एका वाचकाने विचारलंय: स्वमग्न मुलं कशी शिकतात यावर वर्तनवादी पद्धतीने संशोधन होतं, तेव्हा आधी 'स्टिम्युलस', म्हणजे मुलाने ज्यांना प्रतिसाद द्यायचा त्या गोष्टी, निवडावे लागतात. या स्टिम्युलसला मराठीत उद्दीपक म्हणावं, चेतक म्हणावं की उत्तेजक? आणि निवडायचं म्हणजे नेमकं काय निवडायचं?

उत्तेजक नको. भाषांतरित लेखांमधून आणि कार्यशाळांमधून हा शब्द सारखा कानावर पडतो आणि दर वेळी खटकतो. उत्तेजक म्हटलं की मराठी माणसाला खेळाडूंनी घेतलेली बंदी असलेली द्रव्यं आठवतात. "मुलासमोर तीन उत्तेजकं ठेवली" हे वाक्य आईवडिलांनी वाचलं तर त्यांच्या पोटात गोळा येईल. प्रत्यक्षात टेबलावर असतात तीन चित्रं: चमचा, बूट, घड्याळ. समोरचा माणूस "घड्याळ" म्हणतो आणि मूल कुठल्या चित्राला हात लावतं ते टिपून घेतो. त्यातली चित्रं हे उद्दीपक आणि उच्चारलेला शब्द हाही उद्दीपकच. यात उत्तेजित होण्यासारखं काही नाही.

आता खरी मौज. लॅटिनमध्ये स्टिम्युलस म्हणजे जनावर हाकायची टोकदार काठी. आपली पराणी! काठीच्या टोकाला लोखंडी आर असते, ती टोचली की बैल पाऊल उचलतो. पराणी हा शब्द संस्कृत 'प्राजन'वरून आला, आणि प्राजनात 'अज्' म्हणजे हाकणे हा धातू आहे. लॅटिनमधला 'आगेरे' हा त्याचाच भाऊबंद. त्याच्यापासून पुढे एजंट आणि ॲक्शन हे शब्द निघाले. म्हणजे पराणीच्या पोटातच कृती दडलेली आहे.

आणि गंमत इथे संपत नाही. ज्या उत्तेजकाला मी वर दारातून परत पाठवलं, तो 'तिज्' धातूचा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ 'निशान' दिला आहे, म्हणजे धार लावणे. तीक्ष्ण, तिग्म, तेज ही सगळी त्याची लेकरं. टोचून प्रवृत्त करणे या अर्थाचा लॅटिन 'इन्स्टिगारे' आणि टोचून उमटवलेली खूण या अर्थाचा ग्रीक 'स्टिग्मा' याच कुळातले. काही व्युत्पत्तिकार स्टिम्युलसलाही याच घरात आणून बसवतात. तसं असेल तर रक्ताच्या नात्याने उत्तेजक हाच सगळ्यात जवळचा. पण परिभाषा रक्ताच्या नात्यावर ठरत नसते, शब्द आज काय काम करतो यावर ठरते.

आणि काम पाहिलं तर पराणीची कल्पनाच इथे चुकीची आहे. प्रतिक्षिप्त क्रियांचा अभ्यास करणाऱ्या पावलोव्हच्या कुत्र्याला ती एक वेळ लागू पडेल: अन्न तोंडात पडलं की लाळ सुटणारच. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या मांडणीत मात्र उद्दीपक ढकलत नाही. अमुक गोष्ट समोर असताना अमुक केलं की फळ मिळतं, असा अनुभव आधी आलेला असतो. ती गोष्ट पुन्हा दिसली की ते वर्तन होण्याची शक्यता वाढते, एवढंच. आता रसशास्त्र आठवा. भरताच्या सूत्रात नुसता 'विभाव', म्हणजे भाव जागवणारं कारण, आहे. पुढच्या आलंकारिकांनी त्याचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन भाग केले. नायिका हे आलंबन. चांदणं, वसंत, उपवन हे उद्दीपन. चांदणं प्रेम निर्माण करत नाही, आत असलेलं प्रज्वलित करतं. उद् अधिक दीप्: पेटवणं, उजळवणं. वर्तनशास्त्राला विसाव्या शतकात जो भेद करावा लागला, त्यासाठी लागणारा शब्द आपल्याकडे शेकडो वर्षं तयार होता असं माझं ठाम मत आहे. "रसशास्त्रातला शब्द विज्ञानात कशाला?" असा आक्षेप काही परिभाषाकार घेतात. त्यांनी विभावाची चर्चा एकदा मुळातून वाचावी.

चेतकाचे पुरस्कर्ते पुष्कळ आहेत, पाठ्यपुस्तकांतही तो आढळतो. मराठी कानाला 'चेतवणे' म्हणजेही पेटवणेच, हे मान्य. पण चेतापेशी, चेतासंस्था हे शब्द रुळल्यानंतर चेतक म्हणजे मज्जातंतूंशी संबंधित काहीतरी असं वाचकाला वाटतं, आणि टेबलावरचं बुटाचं चित्र काही मज्जातंतू नव्हे.

राहिला निवडीचा प्रश्न. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ लोवास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आवाज, प्रकाश आणि स्पर्श एकत्र असलेल्या उद्दीपकाला प्रतिसाद द्यायला शिकवलं, तर स्वमग्न मुलं बहुधा त्यातल्या एकाच घटकाला धरून प्रतिसाद देत होती. याला अतिनिवडक प्रतिसाद म्हणता येईल. (पुढे हे इतर मुलांमध्येही आढळलं आणि सगळ्या स्वमग्न मुलांमध्ये आढळलं नाही, म्हणून ते स्वमग्नतेचं लक्षण म्हणून मिरवू नये.) घड्याळाच्या कार्डाचा कोपरा दुमडलेला असेल, तर मूल घड्याळ न शिकता दुमडलेला कोपरा शिकेल. नवं कार्ड आणलं की सगळं "विसरेल", आणि दोष मुलावर जाईल. म्हणून कार्डांचा आकार, पार्श्वभूमी, कडा सारख्या हव्यात. काका, काच, कात्री असे एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द एकाच संचात घालू नयेत. दोन शिकवण्याच्या पद्धतींची तुलना करायची असेल तर दोन्ही संच सारखेच अवघड हवेत: एकीकडे 'कप' आणि दुसरीकडे 'हेलिकॉप्टर' असेल तर फरक पद्धतीचा की शब्दाचा हे कळणारच नाही. मुलाला आधीच येणारं काहीही, पूर्वचाचणी घेऊन, बाहेर काढावं. आणि कुठला संच कुठल्या पद्धतीला हे चिठ्ठी टाकून ठरवावं, संशोधकाच्या मर्जीने नव्हे.

आणखी एक घोळ. बरोबर उत्तरानंतर मुलाला जे आवडीचं मिळतं, त्यालाही लोक सरसकट उद्दीपक म्हणून मोकळे होतात. तांत्रिकदृष्ट्या तोही उद्दीपकच, पण त्याचं काम वेगळं, म्हणून त्याला प्रबलक म्हणा. त्याचीही निवड स्वतंत्रपणे होते: दोन-दोन वस्तू समोर ठेवून मूल कशाकडे वळतं ते पाहतात. आईला विचारून भागत नाही. आणि आवडीची वस्तू प्रबलक ठरतेच असं नाही. ती मिळू लागल्यावर वर्तन वाढलं तरच ती प्रबलक.

लिंगाचंही विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी 'ते उद्दीपक, ती उद्दीपके' असं नपुंसकलिंगी पसंत करतो; 'तो उद्दीपक' लिहिणारेही पुष्कळ आहेत आणि वरती ओघात माझ्याही लेखणीने तेच रूप घेतलं आहे. दोन्ही चालतील. 'उत्तेजकं' मात्र नको.