मोबाइलवर सगळं मिळत असताना गावातल्या वाचनालयावर खर्च कशाला करायचा?

करायलाच हवा. आधी साधा हिशेब बघा. ४०० रुपयांचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक ४० मुलांनी वाचलं, तर माणशी १० रुपये पडले. अशी दहा पुस्तकं विकत घेणं काजूच्या बागेत रोजंदारीवर जाणाऱ्याच्या मुलीला परवडत नाही. मोबाइलवर पुस्तक मिळेलही, पण घरात टीव्ही चालू असताना अभ्यासाला शांत टेबल कुठून आणायचं?

गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातल्या वाचनालयात पावसाळ्यात रोज हेच बघतो. दाराशी ओल्या छत्र्यांची रांग, आत खिडकीपाशी अभ्यासाला बसलेली मुलं आणि पंख्याखाली पेपरची पानं आपसात वाटून घेणारे चार आजोबा. त्यातल्या एकांशी घरी बोलायला कुणी नाही. दोन दिवस आले नाहीत तर ग्रंथपाल बाई स्वतः फोन करतात. याची किंमत कुठल्या अंदाजपत्रकात दिसणार?

आणि गोव्याला ही गोष्ट नवी नाही. पणजीचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आज ते सोळाव्या शतकातले गोमंतकीय लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाने पणजीतल्याच पाट्टो भागात आहे. पोर्तुगीज अमलात सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये चालायचा, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून उभारलेल्या वाचनालयांनी मराठी जपली. १९९३ पासून राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही आहे.

पुढच्या ग्रामसभेत नवी पुस्तकं आणि संध्याकाळी जास्त वेळ, या दोन मागण्या जरूर मांडा.